लॅपटॉप तापतो तो उकाड्यानेच का?

रत्नागिरी-मालवणकडे एप्रिल-मे महिन्यांतील दमट उकाड्यात लॅपटॉप तापला की दोष हवेला दिला जातो, आणि याच समजुतीआड क्रिप्टो चलनाचे छुपे मायनिंग (संगणकाला सतत आकडेमोड करायला लावून डिजिटल चलन मिळवणे) करणारा मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, बराच काळ आपली वीज व प्रोसेसर वापरत राहू शकतो. शंका आल्यास सर्व प्रोग्राम बंद करून, काही मिनिटे थांबून, कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा आणि सीपीयूचा (प्रोसेसरचा) वापर सतत चढाच राहतो का, हे पाहावे. विंडोज अपडेट चालू असतानाही तो चढतो, त्यामुळे लगेच घाबरू नये. मात्र असे मायनिंग करणारे काही प्रोग्राम (मायनर) टास्क मॅनेजर उघडताच काम थांबवतात. म्हणून त्याच क्षणी लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज उतरला, तर ते अधिक संशयास्पद मानावे.

उदाहरणार्थ, होमस्टेच्या बिलांसाठी कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेले ‘क्रॅक’ (परवान्याचे कुलूप तोडलेले) सॉफ्टवेअर हा या मालवेअरचा नेहमीचा मार्ग आहे. माझ्या मते ते काढून टाकण्यास पर्याय नाही. त्यानंतर विंडोज सिक्युरिटी या अॅपमधील मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन करावे, कारण ते विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच तपासणी करते. मोबाइलबाबत अशीच शंका आल्यास प्ले स्टोअरबाहेरून घेतलेली अॅप्स प्रथम तपासावीत.