गाळ्याचं भाडं थकलं तर काय करायचं

लातूर, जालना, नांदेडकडं दोन-तीन महिने भाडं आलं नाही की मालक एकतर गप बसतात नाहीतर डायरेक्ट कुलूप ठोकतात. कुलूप अजिबात लावू नका, लाइट-पाणी पण तोडू नका, उलट तुम्हीच अडकाल.

आधी दुकानात जाऊन बोला. खत-बियाण्याचं दुकान असलं तर सोयाबीन मोंढ्यात आल्याशिवाय त्याची उधारी सुटत नाही हे आपल्याला माहितीच आहे, माणूस चांगला असला तर मुदत द्या पण हप्ते, तारखा लिहून सही घ्या आन पैसे बँकेतूनच घ्या.

तरी देईना, उद्या-परवा म्हणायलाय, तर वकिलाकडून थकबाकीची लेखी नोटीस पाठवा. भाडे नियंत्रण कायद्यात नोटीस दिल्यावर 90 दिवस थांबावंच लागतं, त्याआधी थकबाकीवरून गाळा खाली करायचा दावा लावता येत नाही, आन दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत त्यानं सगळं भाडं वर्षाला 15 टक्के साध्या व्याजासकट कोर्टात भरलं तर गाळा त्याच्याकडंच राहतो. म्हणून नोटीस काढायला उशीर करू नका, 3 वर्षांपेक्षा जुनी थकबाकी वसूल होणं अवघड.

आन करार रजिस्टर केलेला नसला तर भाडेकरू सांगेल त्याच अटी कोर्ट आधी धरतं, खोट्या आहेत हे तुम्हालाच दाखवावं लागतं.