मोबाईल कंबरेला बांधून चाल कशी मोजायची

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर बाबा म्हणतात "आता बरं चालतोय", पण कितपत बरं ते आकड्यात बघायचं असेल तर सुरुवातीला वेगळं काहीच विकत घेऊ नका, मोबाईलमधला अ‍ॅक्सेलरोमीटर (वेग किती झपाट्यानं बदलतो ते मोजणारा सेन्सर) पुरतो. फायफॉक्स नावाचं, मोबाईलच्या सेन्सरचे आकडे नोंदवणारं फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं, ते टाका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बांधणं. खिशात फोन ठेवून घेतलेला डेटा मी तरी बघतसुद्धा नाही, खिशात तो फिरतो, हलतो आणि ग्राफमध्ये चाल कुठली आणि फोनचं हलणं कुठलं तेच कळत नाही. पाठीमागे कंबरेच्या खालच्या मणक्यांवर फोन उभा ठेवायचा, म्हणजे शरीराच्या गुरुत्वमध्याच्या जवळ, आणि क्रेप बँडेजनं करकचून बांधायचा (श्वास घेता येईल इतपतच!).

जागा सपाट हवी, सोसायटीचं पार्किंग किंवा लांब कॉरिडॉर चालेल. 14 मीटर मोजून खडूनं खुणा करा, पहिले 2 आणि शेवटचे 2 मीटर सोडून द्यायचे कारण तिथे माणूस वेग घेतो नाहीतर थांबतो, मधले 10 मीटर आपले. दर वेळी तेच बूट, आणि सुरुवात नेहमी उजव्या पायानं, नाहीतर नंतर ग्राफमध्ये डावा कुठला उजवा कुठला हे शोधत बसाल. तोल जात असेल तर सोबत कोणीतरी चालू द्या, पण हात धरू नका, हात धरला की चाल बदलते.

अ‍ॅपमध्ये 'गुरुत्वाकर्षणासह' वालं अ‍ॅक्सेलरेशन निवडा, टायमर लावा आणि आधी पाचेक सेकंद स्तब्ध उभं राहायचं. फोन उभा असेल तर वाय अक्षावर (फोनच्या लांबीच्या दिशेनं) साधारण 9.8, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं, दिसायला हवं, बरंच कमी दिसलं तर फोन तिरका बसलाय, परत बांधा. मग नेहमीच्या वेगानं चालायचं, एकानं स्टॉपवॉचवर मधल्या 10 मीटरची वेळ घ्यायची.

अ‍ॅपमधून सीएसव्ही फाईल (एक्सेलमध्ये उघडणारा आकड्यांचा तक्ता) काढून वाय अक्षाचा ग्राफ काढला की एकेक पाऊल टोकासारखं वर आलेलं दिसतं. पायथनमध्ये (प्रोग्रॅमिंगची भाषा) टोकं शोधणार असाल तर आधी 20 हर्ट्झचा लो-पास फिल्टर (सेकंदाला 20 पेक्षा जास्त वेळा होणारी थरथर गाळणारा) लावा आणि दोन टोकांत किमान 0.3 सेकंदाचं अंतर ठेवा, नाहीतर एकच पाऊल दोनदा मोजलं जातं. समजा 10 मीटरला 16 पावलं आणि 8.5 सेकंद लागले, तर मिनिटाला 113 पावलं, एक पाऊल 62.5 सेंटीमीटर.

पण खरी मजा ऑटोकोरिलेशनमध्ये आहे, म्हणजे सिग्नल स्वतःवरच सरकवून किती जुळतो ते बघायचं. पहिलं टोक एका पावलावर येतं, दुसरं दोन पावलांवर. दुसरं चांगलं उंच पण पहिलं बरंच बुटकं असेल तर डावं-उजवं पाऊल सारखं पडत नाहीये, लंगडणं इथे पकडलं जातं, डोळ्याला दिसत नसलं तरी.

फार हळू चालणाऱ्यांची टोकं मात्र पुसट होतात. त्यांच्यासाठी दोन्ही नडग्यांवर एकेक एमपीयू 6050 (हालचाल आणि फिरणं दोन्ही मोजणारा छोटा सेन्सर) बांधा, ईएसपी32 ला (छोटा कंट्रोलर बोर्ड) जोडून, 100 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 100 नोंदी, पुरे. डिफॉल्ट रेंज ±2 जी (गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट) आणि ±250 डिग्री प्रतिसेकंद असते ती ±8 आणि ±1000 करा, नाहीतर नेहमीच्या वेगानं चालताना टोकं कापली जातात. जायरोच्या (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या भागाच्या) ग्राफमध्ये पाय पुढे झुलतो तेव्हा मोठा उंचवटा येतो, त्याच्या आधीचा खड्डा म्हणजे अंगठा उचलला, नंतरचा म्हणजे टाच टेकली (दुसऱ्या पायावर सेन्सर उलटा बसला असेल तर हेच उलटं दिसेल, तिथे उणे चिन्ह लावा). निरोगी चालीत पाय साधारण 60 टक्के वेळ जमिनीवर आणि 40 टक्के हवेत असतो. दुखऱ्या पायाचा जमिनीवरचा वेळ सहसा कमी भरतो, कारण माणूस त्यावर भार टाकायचं टाळतो, आणि दुसऱ्या पायाचा वाढलेला दिसतो.