काळ्या मातीत रुतलेली गाडी बाहेर कशी काढावी

निफाड-येवल्याकडच्या पाणंद रस्त्यावर पावसाळ्यात चाकं फिरायला लागली की आधी ॲक्सिलरेटर सोडा. रेस कराल तितकी गाडी खाली बसेल.

सोबत फावडं, जाड हातमोजे, प्रेशर गेज, हवा भरायचा पंप, ट्रॅक्शन बोर्डांची (चाकाखाली सारायच्या खाचेदार फळ्यांची) जोडी, कायनेटिक (रबरासारखा ताणला जाणारा) दोर आणि दोन शॅकल (दोर अडकवायच्या कड्या) हवेत. दोराची ब्रेकिंग स्ट्रेंग्थ ओढणारी आणि रुतलेली यांपैकी हलक्या गाडीच्या सामानासकट वजनाच्या दोन ते तीन पट असावी. जास्त जाड दोर घेण्यात शहाणपण नाही, तो पुरेसा ताणलाच जात नाही. टायरची हवा १८-२० पीएसआयवर आणा.

मग उकरायला घ्या. बहुतेकांचा कंटाळा इथेच नडतो. काळी माती गाडीला खालून धरून ठेवते. डिफरेन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) आणि चासी (गाडीचा सांगाडा) चिखलावर टेकली असेल, तर ओढणाऱ्या गाडीची ताकद चाकांऐवजी त्या चिखलाशी झुंजण्यात जाते. पोटाखालची माती काढा, चारही चाकांपुढे उतार करा, बोर्ड टायरला भिडवून आत सारा.

आता दोर कुठे अडकवायचा? याबाबतीत तडजोड नको. चासीला पक्क्या बोल्टने बसवलेला, रिकव्हरीसाठीच बनवलेला हूक हवा. बंपरमध्ये फिरवून बसवायचा टोइंग हूक सपाट रस्त्यावर बंद गाडी ओढण्यापुरता असतो. ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला, म्हणजे टो-बॉलला, दोर लावायचा नाही म्हणजे नाही. टो-बॉल तुटला तर ताणलेला दोर त्या लोखंडी गोळ्याला गोळीसारखा भिरकावतो आणि काचेतून आत घुसून तो माणूस मारू शकतो. याच कारणाने दोन दोर लोखंडी शॅकलने जोडू नका.

दोराच्या मधोमध जाड घोंगडी टाका. बघ्यांना दोराच्या दीडपट लांबीपलीकडे पाठवा, दोर ओलांडायला कुणालाही देऊ नका. दोन मीटर ढील ठेवा. ओढणाऱ्याने लो रेंजमध्ये (फोर-व्हील ड्राइव्हच्या कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) सावकाश निघावं, रुतलेल्या गाडीनेही त्याच वेळी हलकी रेस द्यावी. पहिला ओढा हलकाच असावा. दोन-तीन प्रयत्नांत गाडी हलली नाही, तर वेग वाढवू नका, पुन्हा उकरा.

शेजारच्या शिवारातला ट्रॅक्टर आला तर उत्तम, पण त्याला कायनेटिक दोर किंवा साखळीचे झटके नकोत. न ताणणारा पट्टा लावून संथ, सलग ओढ द्यायला सांगा. पट्टा ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच (मागच्या ओढायच्या दांड्यालाच) बांधा. वर टॉप लिंकपाशी (अवजारं जोडायच्या वरच्या दांड्यापाशी) बांधला तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो.

गाडी डांबरी रस्त्याला लागली की वेग घेण्याआधी हवा भरा. दोर घरी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, कारण आत अडकलेली कचकच धागे कापत राहते. आडवा काप दिसला तर तो दोर पुन्हा गाडी ओढायला काढू नका.