शाळा संपण्याआधी मागायला शिका

मला डाव्या कानाने बऱ्यापैकी ऐकू येतं, उजव्याने जवळजवळ नाहीच. शाळेत याचा फार विचार करावा लागला नाही. बाक ठरलेला असायचा आणि नव्या वर्गशिक्षकांना आई आधीच सांगून यायची. कॉलेजात मात्र कुणाला काही माहीत नव्हतं, आणि माहीत करून घेणं हे कुणाचं कामही नव्हतं. आता मी दिव्यांग मुलांना शाळेनंतरचं नियोजन करायला मदत करते, तेव्हा कोणता कोर्स घ्यायचा यापेक्षा आधी हाच विषय काढते: आपली गरज स्वतः सांगायची कशी.

कायद्यातही हा फरक दिसतो. अमेरिकेत मुलाची गरज ओळखणं ही शाळेची जबाबदारी असते, आणि मूल १६ वर्षांचं होईपर्यंत त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात शाळेनंतरची उद्दिष्टं यावीच लागतात. कॉलेजात हा आराखडा लागू राहत नाही. भेदभाव करता येत नाही, सोयी द्याव्या लागतात. पण त्या विद्यार्थ्याने स्वतः मागायच्या, कागद दाखवायचे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातलं कलम २४ उच्च शिक्षणात आणि व्यवसाय प्रशिक्षणातही वाजवी सोयींचा हक्क मान्य करतं. हक्क आहेच, पण तो वापरायला तोंड उघडावं लागतं.

नुसतं 'मला कमी ऐकू येतं' म्हणून भागत नाही. समोरचा मान डोलावतो, थोडं मोठ्याने बोलतो आणि फळ्याकडे वळतो. त्यापेक्षा असं सांगा: 'मला डाव्या कानाने ऐकू येतं, म्हणून मी पुढच्या बाकावर उजव्या टोकाला बसेन. फळ्यावर लिहून झालं की आमच्याकडे वळून बोलाल का? मला ओठ दिसायला हवेत.' उजव्या टोकाला, कारण मग चांगला कान वर्गाकडे राहतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाने 'वाचायला जड जातं' म्हणण्याऐवजी 'मजकूर आदल्या दिवशी फाइलमध्ये मिळाला तर मी तो मोबाइलवर ऐकून येईन' म्हणावं. अशी वाक्यं घरी मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यांदा लाज वाटते, नंतर सवय होते.

पालकांचं काय? मी प्रश्न मुलाला विचारते आणि उत्तर आईबाबा देतात, हे नेहमीचंच. प्रेमापोटीच होतं, पण एकदा का सवय लागली की मूल त्यांच्याकडेच बघत बसतं. बोलता न येणाऱ्या किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलालाही चित्रांतून, खुणांतून निवड करता येते. थांबायची तयारी हवी.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: जुना तपासणी अहवाल चालेल का, हे संस्थेला आधीच विचारा. सगळ्यांच्या ध्यानातून निसटणारी गोष्ट म्हणजे डॉक्टर. बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायची वेळही साधारण याच सुमारास येते. आपल्या गोळीचं नाव आणि ती का घेतो, हे मुलाला सांगता आलं पाहिजे.

जमलं तर शाळेत असतानाच थोडं पगारी काम करून बघा. असं काम केलेल्या दिव्यांग मुलांना पुढे नोकरी मिळण्याची शक्यता जास्त असते, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. शिवाय स्वतःबद्दल कळतं ते वेगळंच. दिवसभर कान देऊन ऐकलं की संध्याकाळी मी किती थकते, हे मला कामावरच समजलं.

प्रवेशाआधी संस्थेला मेल मुलानेच लिहावा, हवी ती सोय नेमकी सांगून. 'काळजी करू नका' एवढंच उत्तर आलं, तर पुन्हा विचारा: ही सोय कोण बघतं आणि कधीपासून मिळेल?