स्वतःची एडिटिंग स्टाइल बनवताय? मग या चुका टाळा

लग्नाचे फोटो काढणाऱ्या नव्या पोरापोरींचं काम बघितलं की बऱ्याचदा हळदीचा पिवळाच गायब असतो. हळद मातकट, आंब्याची पानं काळपट आणि नवरीचा चेहरा तांबूस. कुठूनतरी प्रीसेट घेतला आणि अख्ख्या अल्बमवर सरसकट मारला की हेच होणार.

प्रीसेट म्हणजे एडिटिंग अ‍ॅपमधल्या स्लायडरचे ठरलेले आकडे, तुमच्या फोटोत काय आहे ते त्याला कळत नाही. मंडपाच्या पिवळ्या-केशरी कापडातून येणारा उजेड आधीच सगळ्यांना पिवळं करून टाकतो, त्यात वॉर्म प्रीसेट टाकला तर काय उरणार? म्हणून आधी व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा तोल) आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ ते) नीट करा, स्टाइल नंतर. व्हाइट बॅलन्सचा आकडा केल्व्हिनमध्ये असतो: उन्हात साधारण ५५००, सावलीत ७०००च्या पुढे, पिवळ्या बल्बखाली ३०००च्या आसपास, म्हणजे एकाच लग्नात तीन वेगळे उजेड असतात आणि तिघांना एकच आकडा चालत नाही. आणि रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याची पूर्ण माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्येच शूट करा, दाबून छोट्या केलेल्या जेपेगमध्ये एवढं ओढताण करायला जागाच नसते.

आता रंग. लाइटरूमसारख्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये प्रत्येक रंगाचे वेगळे स्लायडर असतात: ह्यू म्हणजे रंगाची छटा, सॅच्युरेशन म्हणजे रंग किती भडक, ल्युमिनन्स म्हणजे रंग किती उजळ. आपल्याकडच्या त्वचेचा रंग बहुतेक ऑरेंज स्लायडरमध्ये येतो आणि हळद यलोमध्ये, पण ओली गडद हळद ऑरेंजमध्येही घुसते. त्यामुळे चेहरा ‘क्लीन’ करायला ऑरेंजचं सॅच्युरेशन खाली ओढलं की हळद मरते, आणि ल्युमिनन्स वर ढकललं की सावळी माणसं उगाच गोरी दिसायला लागतात, जे मला अजिबात पटत नाही, माणूस जसा आहे तसाच दिसला पाहिजे. लाइटरूममध्ये मास्किंगला (फोटोचा ठरावीक भागच निवडायचं टूल) पीपल निवडून फक्त त्वचेवर काम करता येतं, तेच वापरा.

पावसाळ्यात सह्याद्रीचे फोटो काढणाऱ्यांची वेगळीच गडबड असते. गवत हिरवं दिसतं म्हणून ग्रीन स्लायडर हलवत बसतात आणि काहीच होत नाही, कारण गवताचा बराचसा रंग यलोमध्ये असतो. तिथे ह्यू थोडा हलवा, सॅच्युरेशन जरा कमी करा, तो रेडियमसारखा हिरवा लगेच शांत होतो. डीहेझ हा धुकं कमी करणारा स्लायडरही जपून, धुकं काढून टाकलं तर त्या फोटोत राहिलं काय, वर सावल्याही काळ्या पडतात.

प्रिंट काळी येते? बहुतेक वेळा स्क्रीनचा ब्राइटनेस जास्त असतो. नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारं सेटिंग) बंद आहे का तेही बघा, नाहीतर पिवळ्या स्क्रीनवर बसून निळे फोटो बनवाल. मोबाइलवर रंग फिके दिसत असतील तर एक्स्पोर्ट एसआरजीबीमध्येच (मोबाइल आणि वेबवर सगळीकडे चालणारा रंगांचा साचा) केलंय ना ते तपासा.

मग स्टाइल सापडणार कशी? उन्हातले, सावलीतले, बल्बखालचे असे स्वतःचे आवडते फोटो घ्या, प्रीसेट न लावता एडिट करा आणि दोनचार दिवसांनी सगळे शेजारी शेजारी लावून बघा. लाइटरूम क्लासिकमध्ये रेफरन्स व्ह्यू आहे, म्हणजे एक फोटो शेजारी ठेवून दुसरा एडिट करायची सोय, त्याचा फार उपयोग होतो. काळा थोडा उचललाय (राखाडीकडे नेलाय) का, हिरवा दरवेळी दाबलाय का, कॉन्ट्रास्ट मऊ ठेवलाय का, जे न ठरवता पुन्हा पुन्हा केलंत ते तुमचं आहे, बाकीचं त्या महिन्याचा ट्रेंड. मग त्याचा प्रीसेट खुशाल बनवा, फक्त सेव्ह करताना व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजरच्या टिक काढून टाका.