बुसानला जाताय? एक शनिवार जुन्या वस्त्यांसाठी ठेवा

दक्षिण कोरियातल्या बुसानला जाणारे सगळे हेउंदे बीच आणि गामचनची रंगीत घरं बघतात, फोटो काढतात आणि परत येतात. बघा ना, छानच आहेत, पण बुसानच्या डोंगरउतारावरच्या कितीतरी वस्त्या कोरियन युद्धात पळून आलेल्या माणसांनी उभ्या केल्यात आणि त्या बघायच्या असतील तर थोडं चालावं लागतं. म्हणून सांगते, शनिवारच मोकळा ठेवा, कारण पुढे कळेल.

सकाळी मेट्रोच्या लाइन 1 ने तोसंग स्टेशनला उतरा, तिथून चढावर जाणारी छोटी बस मिळते, गामचनच्या थोडं अलीकडे आमी-दोंग वस्तीला उतरा. इथे आधी जपान्यांचं स्मशान होतं. 1950 ला युद्ध सुरू झालं, लाखो लोक बुसानला आले, जागाच उरली नाही, मग लोकांनी थडग्यांवरच घरं बांधली आणि थडग्यांचे दगड पायाला, पायऱ्यांना वापरले. अजून दिसतात. एका घराच्या भिंतीत खालच्या बाजूला कोरलेली अक्षरं असलेला दगड आणि त्याला टेकून गॅस सिलेंडर, मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते. सणावाराला इथले लोक त्या अनोळखी मेलेल्यांसाठी ताट ठेवायचे म्हणे, आपल्याकडे पितृपक्षात पान वाढतात तसंच की. आणि हो, लोक अजून राहतात तिथे, आवाज करू नका, कुणाच्या खिडकीत मोबाईल नेऊ नका प्लीज.

मग उतारानेच खाली चालत बोसू-दोंगला या, जुन्या पुस्तकांची गल्ली आहे, तीही निर्वासितांनीच सुरू केली. कोरियन येत नसलं तरी जा, छतापर्यंत रचलेले गठ्ठे बघूनच जीव सुखावतो. भूक लागली की मिलम्यॉन खा, उत्तरेकडून आलेल्यांना बकव्हीट (कुट्टू) मिळेना म्हणून त्यांनी मदतीत आलेल्या गव्हाच्या पिठाच्या शेवया केल्या तीच ही डिश. व्हेज असाल तर मात्र नको, रस्सा मांसाचा असतो, त्यापेक्षा जवळच्या नाम्पो भागात बिया आणि साखर भरलेलं गरम हॉटॉक, म्हणजे गोड पॅनकेक, घ्या, आधी फुंकर मारा, आतला पाक जाम भाजतो.

दुपारी 2 च्या आधी यंगदो पुलापाशी पोचा. पूल मूळ 1934 चा, 2013 ला पुन्हा बांधलेला, शनिवारी 2 वाजता त्याचा एक भाग वर उचलतात, साधारण 15 मिनिटं, हवा खराब असेल तर नाही उचलत. युद्धात ताटातूट झालेली माणसं याच पुलावर भेटू म्हणून ठरवून निघायची, हे माहीत असेल तर तो पूल उचलताना वेगळंच वाटतं. नंतर पूल ओलांडून उजवीकडे कांगकांगी वस्तीत शिरा, जहाज दुरुस्तीची कामं चालतात. बायका हातोडीने जहाजाचा गंज झाडायच्या, त्या कांग कांग आवाजावरून नाव पडलं. कामाच्या जागेत घुसू नका, बाहेरून खूप दिसतं.

दुसऱ्या दिवशी पाय शाबूत असतील तर सोकबुल्सा हे डोंगरातलं बौद्ध मंदिर. ओनचनजांग स्टेशन, गुमगांग पार्कची केबल कार, मग जुन्या गुमजंग किल्ल्याच्या दक्षिण दरवाज्यावरून तासाभराची जंगलवाट, वाटेत चांगलाच उतार आहे म्हणून ग्रिपचे बूट घाला. मंदिर 1930 चं, पण उंच कड्यांमध्ये कोरलेले बुद्ध आणि द्वारपाल इतके जवळ येतात की मान वर करूनच बघावं लागतं. वेरूळ बघितलेल्या माणसालाही थांबावंसं वाटेल. माझ्यासोबत तेव्हा तिथे फक्त एक आजी होत्या, त्या जप करत होत्या.

मॅपसाठी नेव्हर मॅप हे कोरियन ॲप डाउनलोड करा, गूगलवर चालायचा रस्ता नीट मिळत नाही. टी-मनी कार्ड बुसानच्या बस-मेट्रोला चालतं पण रिचार्जला कॅश लागते, थोडे वॉन खिशात ठेवाच.