बाळाच्या मेंदूची वाढ: बाळंतिणीच्या घरातल्या या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडे गृहभेटींना फिरताना सगळ्यात जास्त कोणता उपदेश ऐकू येतो? ‘त्याले अंगावर नको घेऊ, सवय लागी जाई.’ लागू द्या की! रडल्यावर उचलून घेतलं म्हणून तान्हं बाळ बिघडत नाही. कॅनडातल्या माँट्रियलचे शास्त्रज्ञ मायकेल मीनी यांनी उंदरांवर प्रयोग केले. आईने भरपूर चाटून-पुसून वाढवलेली पिल्लं मोठेपणी कमी भेदरट निघाली, आणि तशा आईच्या कुशीत दुसरीची पिल्लं ठेवली तरी तेच दिसलं. माणूस उंदीर नाही, मान्य. पण कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरायची कांगारू पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, ती आज आपल्या सरकारी दवाखान्यांतही शिकवतात. सासूबाईंनी तिथं बघून यावं.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. तीन महिन्यांचं बाळ, उशीला टेकवलेला मोबाईल, त्यावर इंग्रजी बालगीतं, शेजारी आई गप्प. बीए झालेली मुलगी. विचारलं तर म्हणे, ‘सिस्टर, घरात सगळी अहिराणी, त्याची भाषा बिघडेल.’ मी मोबाईल पालथा घातला, वीतभर अंतरावर तोंड नेलं आणि म्हटलं, ‘काय करी राह्यना रे राजा?’ पोरगं टक लावून बघत राहिलं, मग ‘अंऽऽ’ केलं. आई चकित. अगं, पोटात असल्यापासून तो तुझाच आवाज ऐकतोय! दोन वर्षांत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे 80 टक्के होतो, आणि त्या काळात त्याला उत्तर देणारा चेहरा लागतो. मोबाईल उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच म्हणते.

माझी रीत साधी. तेल लावताना अहिराणीत बोला, मग थांबा, त्याला हुंकार द्यायला वेळ द्या. सुना चार दिवस करतात आणि विचारतात, ‘फरक कधी दिसेल?’ केळीला घड यायलाही वर्ष जातं बाई! बुद्धी वाढवणारे थेंब विकणाऱ्यांचं फावतं ते या घाईमुळेच.

आई सतत रडते, बाळाकडे बघतही नाही, तर ‘नखरे’ म्हणू नका. तिला झोपू द्या, पोटभर जेवू घाला. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर डॉक्टर गाठा.

काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. वर्षाच्या आत मध चाटवू नका.

तिसऱ्या-सातव्या दिवशी आशाताई येते, तिला ‘बाळ झोपलंय’ म्हणून दारातून परत पाठवू नका. कावीळ तिलाच आधी दिसते. फार वाढलेली कावीळ मेंदूला कायमची इजा करते आणि कोवळं ऊन हा त्यावरचा इलाज नाही. पहिल्या 24 तासांतच बाळ पिवळं दिसलं, किंवा तळपाय पिवळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना. अमावास्या असली तरी.